अबोल्याचं शूटिंग

आमच्या डेपोत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी परवा मला आमच्याच गावात काढलेला सिनेमा बघायचा आग्रह केला. "फार संथ आहे, पण अंगावर येतो," म्हणाल्या. "त्या म्हातारीचा चेहरा तर डोळ्यांसमोरून हलत नाही." ती म्हातारी माझी आई, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जेवणाची सुट्टी त्यातच गेली असती आणि माझा डबा तसाच राहिला असता.

सिनेमा मी पाहिलाय. पुण्यात जाऊन, तिकीट काढून, एकटीनं. सुरुवातीलाच एक माणूस विहिरीच्या काठावर उभा राहून आत बघतो. बघतच राहतो. माझ्या रांगेतले एक गृहस्थ उठून बाहेर गेले, लाह्या घेऊन परत आले, तरी हा आपला बघतोय. मग एक कुत्रं रस्ता ओलांडतं. मग वारा सुटतो. गोष्ट म्हणाल तर एवढीशी: एका उजाड खेड्यातली म्हातारी गावातल्या बड्या घराविरुद्ध कोर्टात साक्ष देते आणि सगळं गाव तिच्याशी बोलणं टाकतं. पुढे सिनेमा संपेपर्यंत कुणी बोलत नाही. ज्यांना असलं आवडतं त्यांनी खुशाल पाहावं. मला मात्र पडद्यावर आमचा ओटा दिसत होता, त्याला फासलेला तो घाणेरडा रंग दिसत होता, आणि माझं डोकं फिरत होतं.

कान्हे स्टेशनला उतरून डोंगराच्या अंगाला चालत गेलं की आमचं गाव येतं आणि गावाच्या कडेला आमची वस्ती. छप्पन्न साली माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला, तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही. वस्तीतली बाकीची घरं नोकऱ्यांच्या मागे देहूरोडला, पिंपरीला गेली. त्यांची कुलपं जयंतीला उघडतात आणि दुसऱ्या दिवशी परत लागतात. मीही देहूरोडलाच असते. वडील गेल्यावर आईला मी कितीदा तरी म्हटलं, माझ्याकडे ये. ती यायची, दोन-चार दिवस राहायची आणि परत जायची. तुमच्या बिल्डिंगीत माणसं लिफ्टकडे बघत उभी राहतात, एकमेकांकडे बघत नाहीत, हे तिचं कारण. आमच्या आईला बोलायला माणूस लागतं. टपालवाल्याला तिनं कधी तसंच जाऊ दिलेलं नाही.

आणि गावात तिला मावशी होती. ही माझी सख्खी मावशी नव्हे. पायवाटेपलीकडे गावातलं शेवटचं घर आहे, मोठ्या शेतकरी कुटुंबाचं, तिथली ही सासूबाई. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या. घर गावातलं आणि घर वस्तीतलं, असा फरक त्यांच्या सासवांना फार दिसायचा. सासवा गेल्या तसा तो दिसेनासा झाला, निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. दुपारची भांडी झाली की मावशी आमच्या ओट्यावर यायची आणि ऊन कलेपर्यंत दोघींचं चालायचं. काय बोलतात हे मी एकदा कान देऊन ऐकलं. आदल्या दिवशी बोललेलंच बोलत होत्या.

सिनेमावाले आले ते उन्हाळ्यात. पावसाळ्यात आमच्याकडे सगळी दुनिया धबधब्याखाली फोटो काढायला आणि भजी खायला येते. डोंगर करपले की कुणी फिरकत नाही, आणि यांना नेमकं तेच हवं होतं. दिग्दर्शक मुंबईचा, तिशीतला, फारच नम्र. "इथलं उजाडपण मला खूप भावलं," असं तो आमच्या सरपंचांना त्यांच्याच अंगणात बसून म्हणाला. सरपंचांनी आभार मानले.

मग होतं ते उजाडपण पुरेना म्हणून आणखी वाढवायला घेतलं. घरांवरच्या डिश उतरवल्या, वाढदिवसाचे फ्लेक्स उतरवले, सरपंचांचं पोपटी घर गोणपाटानं झाकलं. आमचं घर आई दरवर्षी जयंतीच्या आधी निळ्या रंगानं रंगवून घेते. त्यावर या लोकांनी मातकट रंग मारला आणि त्यावर ओल आल्याचे डाग हातानं काढले. डाग काढायला खास मुंबईहून माणूस आणला होता. आईनं त्याला चहा दिला आणि विचारलं, "बाबा, तुझ्या आईला म्हाईत हाय का तू काय काम करतोस ते?"

दिग्दर्शकाला म्हातारीच्या कामासाठी आईच पसंत पडली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजींच्या चेहऱ्यात एक खोल मौन आहे." मी वळून पाहिलं. आई त्याच्या ड्रायव्हरकडून त्याच्या बायकोच्या बाळंतपणाची हकीकत काढून घेत होती. मौन कुठं दिसलं याला, कुणास ठाऊक. सुरुवातीला तिला एक वाक्य होतं. तिनं ते पाठ केलं, मला फोनवर पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. पुढे तेही काढून टाकलं. त्याचा तिला राग आला होता.

खरी भानगड झाली ती पुढे. दिग्दर्शकाची काम करायची एक रीत होती. त्यानं गावाला देवळापुढं जमवलं आणि सांगितलं की शूटिंग चालू आहे तोवर आजींशी कुणीही बोलायचं नाही. कॅमेऱ्यापुढंच नाही, एरवीसुद्धा नाही. म्हणजे ते तुमच्या चेहऱ्यावर आपोआप उतरेल, त्याला अभिनय लागणार नाही. लोकांनी माना डोलावल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई विहिरीवर गेली तर जो भेटेल तो हळूच म्हणतोय, "आजी, आजपासनं तुमच्याशी बोलायचं न्हाई बरं का." सगळं गाव तिला येऊन न बोलण्याविषयी सांगत होतं. दिग्दर्शक डोकं धरून बसला.

यावर उपाय काढला तो आमच्या सरपंचांनी. "साहेब, तोंडी सांगून हितं कुणी ऐकायचं न्हाई," ते म्हणाले. "भंडारा उचलू." भंडारा म्हणजे गावदेवापुढची हळद. ती हातात घेऊन बोललेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. कुणाला मत द्यायचं ते भंडाऱ्यावर ठरतं, भावाभावांची वाटणी भंडाऱ्यावर मिटते. मोडला तर घरातल्या माणसावर येतं असं मानतात. आणि ज्याच्यासाठी उचलला त्यानंच येऊन मोकळं करायचं, तोवर सुटका नाही. दिग्दर्शकाला ही कल्पना अतिशय आवडली. त्यानं त्याचे फोटोही काढले. गावानं एकेक करून हळद उचलली आणि म्हटलं, साहेब मोकळं करीपर्यंत हिच्याशी बोलणार न्हाई, हिच्या हाकेला ओ देणार न्हाई. आई तिथंच उभी राहून हसत होती. ती धम्मातली, तिचा भंडाऱ्याशी काही संबंध नाही, आणि तिला उचलायला कुणी सांगितलंही नाही.

मला हे फोनवर कळलं तेव्हा मी आईवरच ओरडले. ती म्हणाली, "अगं, खेळ हाय. चार दिसाचा."

पहिले काही दिवस खेळच होता. मावशी दुपारी नेमानं यायची, आमच्या ओट्याकडे पाठ करून बसायची आणि समोर बांधलेल्या आपल्या म्हशीशी बोलायची. "म्हशे, वांगी लय आल्यात यंदा. कुणाला हवी असली तर पाटीत ठिवल्यात, घ्यावी." आई भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "भिंती, वांगी नगं, वाताचं हाय. मेथी असली तर बघ." मी रविवारी गेले तेव्हा दोघी अशाच बसल्या होत्या, म्हैस समोर रवंथ करत होती. मी पोट धरून हसले. तो शेवटचाच रविवार हसण्याचा.

कारण दिग्दर्शकाच्या एका सहाय्यकानं ते पाहिलं. त्यानं जाऊन सांगितलं आणि मावशीला बोलावणं गेलं. असं केल्यानं आजींच्या चेहऱ्यावरचा ताण निघून जातो, असं तिला फार प्रेमानं समजावण्यात आलं. वर कुणीतरी तिच्या कानात घातलं की म्हशीशी बोलणं म्हणजे भंडाऱ्याला फसवणंच झालं. मावशीची सून पोटुशी होती. मावशी यायची बंद झाली.

विहिरीचं दृश्य मी रजा टाकून पाहिलं. आई घागर घेऊन वस्तीतून निघते, देवळापुढून, पारापुढून चालत विहिरीपर्यंत जाते, आणि वाटेत बसलेलं सगळं गाव तिच्याकडे बघत नाही. बस, एवढंच. ते त्यांनी पुन्हा पुन्हा काढलं. दिवसभर माझी आई उन्हातून रिकामी घागर घेऊन चालत होती. सकाळी लोक अवघडलेले होते, कुणी मान खाली घालत होतं, कुणाला हसू फुटत होतं. दुपारनंतर ते सरावले. संध्याकाळी तर मला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं तोंड ओळखू येईना. ती आईकडे बघत होती आणि तिला आई दिसतच नव्हती. तो शॉट संपला तेव्हा दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी होतं. "अप्रतिम," म्हणाला. गावानं टाळ्या वाजवल्या. आईसाठी नव्हेत, स्वतःसाठी.

घरी आल्यावर मी आईला खूप बोलले. कशाला हवं होतं हे, उद्यापासून जायचं नाही, मी जाऊन सांगते त्यांना. तिनं घागर पालथी घातली आणि म्हणाली, "तुझ्या आजीला विहिरीवर घागर घिऊन हुबं ऱ्हावं लागायचं. कुनी ओतल तवा ओतल. ती सांगायची ते मला कदी खरं वाटलं न्हाई. म्हनलं, ही माणसं आन् अशी कशी वागतील?" मग चुलीकडे वळत म्हणाली, "लय शिकवायला लागलं न्हाई त्यांना."

शब्द दिलाय म्हणून तिनं काम पुरं केलं. मी अडवू शकले नाही. हट्ट हा आमच्या घरात वारशानं येतो.

मग एक दिवस ढग दिसायला लागले. उजाडपणावर हिरवं यायच्या आत यांना निघायचं होतं. घाईघाईनं सामान भरलं, गाड्या गेल्या. जाताना सगळ्यांना हात जोडले, आईच्या पाया पडला तो दिग्दर्शक पोरगा, आणि गेला. भंडाऱ्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. आमच्या घराचा निळा रंग परत मारायचंही राहिलंच.

यानंतर मी गेले ती दोन रविवार सोडून. डेपोत ऑडिट होतं. आई फोनवर "बरं हाय" एवढंच म्हणायची आणि ठेवायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण एरवी तिला फोन ठेववत नसे. गेले तर ती ओट्यावर नव्हती, आत भिंतीला टेकून बसली होती. तब्येत उतरलेली. मी दुकानात साखर आणायला निघाले तर म्हणाली, "तूच जा. मी गेले की तो नुसता पुडा सरकवतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. सिनेमा संपला, गाड्या गेल्या, डिश परत चढल्या, सगळं गाव टीव्हीपुढं बसून मालिका बघतंय, आणि माझ्या आईशी अजून कुणी बोलत नाही. मी तशीच सरपंचांकडे गेले. ते चहा घेत होते.

"ताई, आमाला का हौस हाय?" ते म्हणाले. "साहेबांनी मोकळं केलंच न्हाई. फोन लावला, उचलत न्हाईत."

"अहो, सिनेमा होता तो."

"सिनेमा व्हता. पर भंडारा खरा व्हता ना."

ही माणसं तलाठ्याला शेंडी लावतात, वीजमीटर उलटे फिरवतात, लोणावळ्याच्या पाहुण्याला चुकीची वाट सांगून आपल्याच भाच्याच्या हॉटेलात पोचवतात. आणि एका पोरानं गंमत म्हणून उचलायला लावलेल्या हळदीपुढं सगळं गाव थरथरतंय. मी मावशीकडे गेले. ती माझा हात धरून रडायला लागली. "पोरी, रोज दाराशी येते मी. पाय हलत न्हाई. सुनंचा नववा लागलाय. कसं करू मी, सांग." माझ्याशी ती बोलू शकत होती, माझ्यावर शपथ नव्हती. तिला शिव्या द्यायला आले होते, तिचे डोळे पुसून परतले.

घरी आले तर आईनं ट्रंक उघडली होती. "तुझ्याकडं येते," म्हणाली. "कायमची." इतकी वर्षं मी जे ऐकायला कान टवकारले होते ते असं ऐकायला मिळालं. मी म्हटलं, थांब, मला एक दिवस दे.

सरपंचांच्या मुलाकडून कळलं की दिग्दर्शक कुसगावात आहे, भाड्याच्या बंगल्यात बसून सिनेमा कापतोय. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिथं धडकले. प्लास्टिकची हिरवळ, निळा पोहण्याचा तलाव, आणि आत अंधार करून बसलेली तीन पोरं. पडद्यावर माझी आई घागर घेऊन चालत होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे अजूनही? अजूनही कुणी बोलत नाही?" त्यानं सहाय्यकाकडे पाहिलं. "हे आपण शूट करायला हवं."

मी आयुष्यात परक्या माणसावर इतकी कधी ओरडले नव्हते. काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की तो उठून चपला शोधायला लागला. गाडीत त्यानं माफी मागितली, अनेकदा मागितली, आणि मनापासून मागितली असावी. माझा राग त्यानं आणखीच वाढला. माणूस वाईट असता तर निदान ते एक समाधान असतं.

देवळापुढं गाव जमलं. त्यानं हळद हातात घेतली, सरपंचांनी सांगितलं तसं म्हणाला, "मी सगळ्यांना मोकळं केलं," आणि हळद देवापुढं ठेवली. संपलं. इतक्या दिवसांचा छळ इतक्या वेळात संपला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सगळे आमच्या घराकडे निघाले.

आई दारात उभी होती. सगळे एकदम बोलायला लागले. बऱ्या हाय का आजी, राग मानू नगा, आमाला लय वंगाळ वाटत व्हतं. आईनं सगळ्यांकडे पाहिलं, मान हलवली. लोकांना तेवढं पुरलं. हळूहळू पांगले. सगळ्यांच्या मागून मावशी आली आणि ओट्याखाली उभी राहिली.

"सुटले बाई एकदाची," ती म्हणाली. "बोल की गं. श्या दे, पर बोल."

आई ट्रंकेत न मावलेल्या लुगड्यांचं गाठोडं बांधत होती. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "मला ताप आलता."

मला हे ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी म्हणाली, "व्हय."

"भर दुपारी. तोंडाला कोरड पडलीती. तुला हाक मारली."

"ऐकली मी."

"ऐकलीस म्हनून तर आलीस. दार लोटल्यालं व्हतं. खालनं तुझं पाय दिसत व्हतं मला. जोडवी दिसत व्हती."

मावशीनं पदर तोंडाला लावला. "पानी आनलं व्हतं मी. तांब्या ओट्यावर ठिवला न् गेले."

"उठता आलं असतं," आई म्हणाली, "तर हाक कशाला मारली असती?"

आईनं गाठोडं माझ्या हातात दिलं, दाराला कुलूप घातलं आणि निघाली. मी ट्रंक डोक्यावर घेतली.

मावशी आमच्या मागून आली. थोड्या अंतरावर तिला आवाज फुटला, आणि मग ती थांबली नाही. सुनेचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं ते सांगितलं, इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं आमच्या पाठीमागून सांगत ती कान्ह्याच्या फलाटापर्यंत आली. आईनं एकदाही ओ दिली नाही. तिला कुणी भंडारा उचलायला लावला नव्हता, त्यामुळे तिला मोकळं करायला कुणाला आणताही येणार नव्हतं.